झाडाला गोडे हाय, माणसाला न्हाय

सिद्धम्माला कशाचं अप्रूप वाटेल याचा नेम नव्हता, आणि एकदा वाटलं की ते शुक्रवार पेठेतल्या अख्ख्या गल्लीला कळल्याशिवाय राहत नसे. नळाला वेळेआधी पाणी आलं की तिची हाळी, शेजारच्या शेळीला जुळी करडं झाली की तिचीच हाळी. नवरा शिवप्पा टॉवेलच्या कारखान्यात मागावर कामाला होता. दिवसभर खटखट ऐकून घरी आला की म्हणायचा, "कारखान्यातला माग बंद तरी होतोय गं." सिद्धम्मा खळखळून हसायची आणि पुढचं सांगायला घ्यायची. स्वभावाला औषध नाही म्हणतात. हिच्या स्वभावाला कुणी शोधूही नये.

ती वाढली अक्कलकोट तालुक्यातल्या एका धनगरवस्तीवर. घरात कानडी, शाळेत कानडी, मेंढरं हाकायची तीसुद्धा कानडीतच. चौथी झाली आणि शाळा सुटली. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा मराठी तिने कानाने उचलली. भाजीवाल्याकडून, शेजारणींकडून, नळावरच्या भांडणांतून. त्यामुळे भांडणाची मराठी पक्की आणि पुस्तकातली कच्ची. आणि एक खोड होती. फार आनंद झाला किंवा घाबरगुंडी उडाली, की जिभेवरची मराठी पळून जायची आणि मागे उरायची ती कानडी.

रोज सकाळी शेअर रिक्षात कोंबून घेऊन ती जुळे सोलापूरला जायची. तिथल्या एका बालवाडीत ती मावशी होती. डबे उघडून द्यायचे, शेंबडी नाकं पुसायची, चड्ड्या बदलायच्या, आणि आत वर्ग सुरू झाला की बाहेर पायरीवर बसायचं. बालवाडी चालवणाऱ्या प्रियंका मॅडम वयाने तिच्याहून लहान, पण हाक मारली की सिद्धम्मा "आले, मॅडम" म्हणत असेल तिथून पळायची. एकदा लहान गटाची बाई आजारी पडली आणि वर्ग सिद्धम्माकडे आला. तिने मुलांना मेंढरांच्या गोष्टी सांगितल्या, मेंढरांसारखं ओरडून दाखवलं, मुलांकडून ओरडून घेतलं. घरी जायची वेळ झाली तरी पोरं हलेनात. प्रियंका मॅडम दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "सिद्धम्मा, हा गट मी तुम्हालाच देते. पण पालक पहिला प्रश्न विचारतात, बाईंचं शिक्षण किती? निदान आठवीचा दाखला आणा. जूनपर्यंत थांबते. मग मात्र दुसरी बाई बघावी लागेल."

त्या दिवसापासून सिद्धम्माच्या डोक्यात आठवी बसली ती उठली नाही. मुक्त विद्यालयाचा अर्ज भरला, पेठेतल्याच संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं आणि मराठीपासून गणितापर्यंत सगळे विषय सोडवले. राहिलं एक विज्ञान. लेखी जमलं होतं, पण तोंडी परीक्षेत परीक्षकांनी काहीतरी विचारलं आणि ही पदराचं टोक पिळत गप्प उभी राहिली. ज्या बाईचं तोंड झोपेतही बंद होत नाही म्हणून नवरा तक्रार करतो, ती ऐन वेळी मुकी झाली! आता जूनआधी ही एकच खेप हातात होती.

वर्गाच्या विजयमाला बाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी कुठल्याशा शाळेतून एक जुना सूक्ष्मदर्शक मागून आणला. त्या दिवशी धडा होता पेशींचा. झाडाच्या पेशी आणि माणसाच्या पेशी, दोन्हींत फरक काय. फळ्यावर शब्द असे होते की वाचतानाच दात हलावेत: पेशीभित्तिका, प्रद्रव्यपटल, तंतुकणिका, रिक्तिका. सिद्धम्माशेजारी बसणारी झीनत कानात म्हणाली, "अगे, हमारे में पेशी बोले तो कोर्ट की तारीख. ये झाड की पेशी कायकू?" दोघी तोंडावर पदर आणि ओढणी धरून हसत होत्या, तेवढ्यात सिद्धम्माचा नंबर आला.

बाईंनी कांद्याचा पातळ पापुद्रा काचेवर पसरला होता, त्यावर आयोडीनचा थेंब. सिद्धम्माने एक डोळा मिटला, दुसरा लावला. आधी नुसताच पिवळा धूर दिसला. बाईंनी बाजूची चकती हळूच फिरवली आणि एकदम सगळं लख्ख झालं. खोलीला खोली लागून, ओळीने, बांधकाम करून ठेवलं होतं कुणीतरी! चारी बाजूंनी रेघा, सरळ, पक्क्या, आणि प्रत्येक खोलीत एक ठिपका.

"गोडे!" सिद्धम्मा किंचाळली. "अय्यो, गोडे! गोडे हाय की हितं!"

अर्धा वर्ग दचकला. मराठी बायकांना वाटलं कांदा गोड निघाला. झीनतला वाटलं हिला घोडे दिसले. पण मागच्या बाकावर बसणाऱ्या पद्मशाली बायका, ज्यांच्या घरी तेलुगू, त्या एका सुरात म्हणाल्या, "गोडा! हां, गोडा!" आणि हसायला लागल्या. कानडीत भिंतीला गोडे म्हणतात, तेलुगूत गोडा. वर्गात निम्म्या जणींना कळलं, निम्म्या जणींना साखरच आठवत राहिली, आणि मग जो गोंधळ झाला तो विजयमाला बाईंना फळ्यावर डस्टर आपटून थांबवावा लागला.

"बरोबर आहे सिद्धम्माचं," बाई म्हणाल्या. "झाडाच्या पेशीला बाहेरून भिंत असते. मराठीत पेशीभित्तिका. म्हणा सगळ्या."

सगळ्या म्हणाल्या. मग बाईंनी सिद्धम्माला तोंड उघडायला लावलं, गालाच्या आतून लाकडी काडी हलकेच फिरवली, ते काचेवर पुसलं, निळा रंग टाकला. सिद्धम्माने पुन्हा डोळा लावला. आता भिंत नव्हती, रांग नव्हती. पापडाचे तुकडे पाण्यात विखरावेत तसं काहीतरी इकडं तिकडं पडलेलं, कडा दुमडलेल्या, एकमेकांवर रेललेलं, आणि प्रत्येकाच्या पोटात एक गडद निळा ठिपका.

"हे माजं हाय?"

"तुझंच."

"हे समदं आत्ता माज्या गालात हुतं?"

"अजून आहे. गालातच काय, सगळ्या अंगात आहे."

सिद्धम्माने स्वतःचा गाल चाचपला. मग हात, मग दंड. एवढी वर्षं हे अंग घेऊन ती हिंडली, आणि एकदाही त्याने सांगितलं नाही की मी असं आहे म्हणून! तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. तिने झीनतला ओढून भिंगापाशी बसवलं, मग मागच्या बायकांना, मग ज्यांनी आधीच बघितलं होतं त्यांना पुन्हा.

शेवटी बाईंनी तलावातून आणलेल्या पाणवनस्पतीचं एक चिमुकलं पान दाखवलं. त्याच्या खोल्यांमध्ये हिरवे दाणे भरलेले. बाई म्हणाल्या, हे हरितलवक. झाड ह्या दाण्यांत उन्हाच्या बळावर पाणी आणि हवेपासून साखर करतं. माणसाकडे हे दाणे नाहीत, म्हणून त्याला दुसऱ्याचं खावं लागतं. आणि झाडाच्या पेशीत पाण्याची एक मोठी पिशवी असते, ती रिक्तिका. ती फुगलेली असली की भिंतीला आतून रेटा बसतो आणि पान टवटवीत राहतं.

आता गल्लीचं काही खरं नव्हतं. घरी पोचताच तिने मान टाकलेली कोथिंबीर पाण्याच्या तांब्यात उभी केली आणि शिवप्पाला समोर बसवलं. "बघ आता. पिशवी भरत्या तिची."

"मला भाकरी वाढतेस का?" शिवप्पा म्हणाला.

"तुज्यात ते हिरवे दाणे असते तर भाकरी कशाला थापली असती मी? उचलून पत्र्यावर ठिवलं असतं तुला. सोलापूरचं ऊन! दोन येळचं जेवून वर ढेकर दिला असतास."

शिवप्पा हसला, पण जेवता जेवता त्याची नजर तांब्याकडेच होती. हात धुवून आला तेव्हा एक काडी मान वर करून उभी होती. तो वाकून बघत राहिला. सिद्धम्मा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "बघ, आता कसा वाकलास! तुला गोडे न्हाय म्हणून वाकलास. झाडाला गोडे हाय, म्हणून ते एका जागी ताठ. माणसाला न्हाय, म्हणून त्यो पळतो, वाकतो, मिठी मारतो." आणि ती इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "मारा एकदाची आणि झोपू द्या!"

शब्द मात्र तिने घोकून घोकून पाठ केले. भाकरी थापताना भित्तिका, रिक्षात प्रद्रव्यपटल, मुलांची नाकं पुसताना तंतुकणिका. भिंत म्हटलं तर परीक्षेत चालायचं नाही, हे तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

तोंडी परीक्षेचे परीक्षक अकलूजकडचे होते. त्या भागात बोलणं कुठूनही सुरू झालं तरी उसावर आणि साखरेवर येऊन टेकतं. सर चांगले होते, फक्त घाईत होते; बाहेर बऱ्याच बायका रांगेत होत्या. सिद्धम्मा आत गेली ती पदराला तळवे पुसतच. लहान गटाचा वर्ग, ती रंगीत खुर्च्यांची खोली, सगळं डोळ्यांपुढे येत होतं आणि त्याने ती आणखीच घाबरत होती.

"बसा. या दोन काचा बघा. वनस्पतीची पेशी कोणती, माणसाची कोणती, आणि फरक सांगा."

तिने भिंगाला डोळा लावला. तीच बांधीव खोल्यांची रांग! ओळखीचं माणूस परगावी भेटावं तसं तिला झालं. भीती गेली, पण तिच्याबरोबर मराठीही गेली.

"ही झाडाची! याला गोडे हाय की सर! अन् याला न्हाय!"

"गोड?"

"व्हय, गोडे."

सरांच्या डोक्यात लगेच ऊस उभा राहिला. झाड साखर तयार करतं, असं म्हणायचं असेल बाईंना. "बरं. ते कुठं असतं?"

"भोवतीनं. चारी बाजूनं."

"भोवतीनं? आत नाही?"

"आत कशाला आसंल? आत तर ऱ्हायाचं असतंय."

सरांनी चष्मा वर सारला. "आणि माणसाच्या पेशीला गोड अजिबात नाही म्हणता?"

"अजिबात न्हाय. असतं तर हाललोच नसतो आपण. असं ताठ उभं ऱ्हायलो असतो."

आता नेमका सरांना मधुमेह होता. ते जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "बाई, माझ्या अंगात किती गोड आहे ते डॉक्टरांना विचारा. आणि मी हलतोय की."

सिद्धम्मा त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुमाला गोडे हाय? अंगात?"

"रक्तात."

"अय्यो!"

सरांनी पेन उचललं. "अभ्यास झालेला नाही तुमचा. असू द्या. पुढच्या खेपेला नीट वाचून या."

पुढची खेप! म्हणजे जून उलटून जाणार. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की गोडे हा शब्द ह्यांच्या मराठीत नाही. मग कोणता होता? भ... भ काहीतरी होतं. इतक्या वेळा घोकलेला शब्द उडाला होता. सरांचं पेन कागदाकडे चाललं होतं. सिद्धम्मा ताडकन उठली, कोपऱ्यात गेली आणि खोलीच्या भिंतीवर दोन्ही हातांनी धपाधप मारायला लागली.

"हे! हे सर! हे झाडाला हाय! हे माणसाला न्हाय!"

चुन्याचा एक पोपडा सुटून सरांच्या टेबलावर पडला. सर उभे राहिले. "भिंत?"

"भिंत! व्हय! भित्तिका! पेशीभित्तिका!" शब्द सापडला तशी ती लहान पोरीसारखी दोन उड्या मारून मोकळी झाली.

"अहो, मग भिंत म्हणायचं! भिंतसुद्धा चाललं असतं."

"भिंत घराला असती सर. परीक्षेला भित्तिका लागतंय."

यावर सरांना हसू आवरेना. ते खुर्चीत बसून हसले, चष्मा काढून हसले. मग म्हणाले, "गोडे म्हणजे कानडीत भिंत का? अहो, तुम्ही भिंत सांगत होता आणि मी साखर ऐकत होतो." आणि एकदम थांबले. त्यांचा चेहरा उजळला. "आणि गंमत बघा, तुमचंही बरोबर आणि माझंही. झाडाची ही भिंत कशाची असते, ठाऊक आहे? सेल्युलोजची. आणि सेल्युलोज म्हणजे साखरेचेच बारीक कण एकापुढे एक ओवून केलेली लांबच लांब माळ."

सिद्धम्माचे डोळे विस्फारले. "गोडे गोडाची?"

"गोडाची."

"मग चावली तर गोड लागंल?"

"नाही. माळ फार घट्ट, आपल्या पोटाला ती सोडवता येत नाही. शेळ्यामेंढ्यांच्या पोटात जिवाणू असतात, ते सोडवतात."

"म्हणून मेंढरं वाळलेला कडबा खाऊन जगत्यात!" सिद्धम्मा ओरडली. लहानपणी ती उन्हाळाभर ह्या कोड्याकडे बघत बसली होती. ज्या काडीत काही नाही ती खाऊन मेंढी दूध देते कशी? आणि आता एका परक्या माणसाने दोन वाक्यांत ते तिच्या ओटीत टाकलं.

सरांनी पुढे रिक्तिका विचारली. तिने कोथिंबिरीसकट सांगितली. हिरवे दाणे सांगितले. भिंत नसताना माणूस उभा कसा राहतो, विचारलं. तिने मनगटावर बोट आपटून हाडं दाखवली. तंतुकणिका कुणाच्या पेशीत असते, विचारलं, तिने छातीठोकपणे सांगितलं, "फकस्त माणसाच्या."

"दोघांच्याही," सर म्हणाले, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "या आता."

बाहेर बायकांनी घेरलं. झीनतने दंड धरून हलवलं, "क्या हुआ? पास?"

"अगं, भिंत साखरेची असती!" सिद्धम्मा म्हणाली. "झाडाची! समदी साखर!"

"पागल, पास हुई क्या?"

"ते इच्यारायचं ऱ्हायलं की."

ती सगळ्यांना साखरेची भिंत सांगत घरी आली, आणि रात्र होऊ लागली तसा आनंद उतरत गेला आणि ती तंतुकणिका घशात अडकून बसली. दोघांच्याही! इतकं सोपं कसं चुकलं? मग सगळंच चुकल्यासारखं वाटायला लागलं. सरांनी हसून घालवलं असेल. हसणारा माणूस गुण देतोच असं थोडंच आहे. पुढचे काही दिवस गल्लीत हाळी ऐकू आली नाही. शिवप्पाने दोनदा मुद्दाम कोथिंबीर आणली. तिने ती निवडून भाजीत टाकली.

निकाल विजयमाला बाईंच्या फोनवर आला. बाई स्वतः चालत गल्लीत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "विज्ञान सुटलं." सिद्धम्मा मटकन उंबऱ्यावर बसली. हाळी दिली ती शिवप्पाने. जन्मात कधी आवाज न चढवलेला तो माणूस रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडला, "माजी बायको आटवी पास!" आणि मग स्वतःच लाजून आत पळाला.

जूनमध्ये लहान गट तिच्या ताब्यात आला. पहिल्या दिवशी पोरं दाराला चिकटून रडत होती. खुर्च्यांवर एकही बसेना. सिद्धम्माने सगळ्यांना बाहेर अंगणात नेलं, एकमेकांच्या हातात हात गुंफून घट्ट रांग करायला लावली आणि म्हणाली, "आता तुमी झाड. गोडे पक्की. हलायचं न्हाय." पोरं रडायची थांबून ताठ उभी राहिली. मग ती ओरडली, "माणूस!" आणि हात सुटले. पोरं चौफेर पळाली, एकमेकांवर आदळली, हसली, तिच्या पायांना येऊन मिठ्या मारल्या. "झाड!" की पुन्हा घट्ट रांग. "माणूस!" की पुन्हा पळापळ. आरडाओरड इतकी झाली की समोरच्या बिल्डिंगमधल्या खिडक्या उघडल्या.

प्रियंका मॅडम ऑफिसच्या दारात आल्या. "सिद्धम्मा, जरा इकडे या."

सिद्धम्माचं पाऊल सवयीने उचललं गेलं. मग तिने ते परत खाली ठेवलं.

"थांबा की जरा, मॅडम," ती तिथूनच म्हणाली. "माजा वर्ग चाललाय."